शेवटच्या डब्यातले भाऊजी

माझ्या भाऊजींइतक्या वेळा मागे वळून पाहिलेला माणूस उभ्या नागपूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि या विधानात अतिशयोक्ती असलीच तर चिमूटभर आहे. भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मालगाडीवर गार्ड होते. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईची समजूत अशी होती, की जावई गाडीवर आहे म्हणजे इंजिनाच्या आसपास, निदान पुढच्या अंगाला कुठेतरी बसत असणार. गार्डाची जागा सगळ्यात मागच्या डब्यात असते हे तिला साखरपुड्यानंतर कळलं आणि ती दोन दिवस गप्प होती. भाऊजींना मात्र त्या डब्याचा अभिमान होता. पुढे चाळीस-पन्नास वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि त्यांच्या शेपटाला हा एकटा माणूस. वळण आलं की बाहेर डोकावून सगळी गाडी नजरेखालून घालायची, गाडी पुढे गेली की मागच्या रुळांवर काही पडलं-सांडलं नाही ना ते बघायचं, आणि दर स्टेशनात सगळ्यांच्या शेवटी पोचायचं. बावीस वर्षं हे केल्यावर माणसाची मान आपोआप मागे वळते. ती रुळांवर वळायची तशीच इतवारी बाजाराच्या गर्दीत वळायची आणि देवळात प्रदक्षिणा घालतानाही वळायची.

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे ते सगळ्यांच्या मागे, हे ठरलेलं. लग्नात शेवटच्या पंगतीला बसत, कारण कोणी जेवायचं राहिलं नाही ना याची आधी खात्री करायची असे. सिनेमा संपल्यावर आम्ही बाहेर रिक्षा ठरवून उभे, आणि हे आत खुर्च्यांच्या ओळी तपासत. एकदा त्यांना असंच कोणाचं तरी झोपलेलं पोर खुर्चीवर सापडलं, ते त्यांनी बाहेर आणून आईबापांच्या हवाली केलं. तेव्हापासून सिनेमाच्या बाबतीत तरी आमची तोंडं बंद झाली. ताई लग्नातली एक गोष्ट हसत सांगायची. "वरातीत सारखे मागं वळून पाहत होते. मले वाटलं, मलेच पाहून राहिले. मोठी लाजली मी! मग समजलं, वऱ्हाडी सगळे आले का ते मोजत होते."

अशा माणसानं एखाद्या शर्यतीत उतरावं हेच मुळात नवल. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. शहरातल्या एका क्रीडा मंडळानं ट्रायथलॉन नावाची शर्यत जाहीर केली. तो शब्द आमच्यापैकी कोणी ऐकलेला नव्हता. आधी अंबाझरी तलावात एक किलोमीटर पोहायचं, मग सायकलनं कळमेश्वरपर्यंत जाऊन परत यायचं आणि वर आठ किलोमीटर धावायचं, असा तो प्रकार. भाऊजी तेव्हा पन्नाशीला टेकलेले. त्यांनी स्वतःचा अर्ज भरला आणि मला न विचारता माझाही भरला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, शाळेत मास्तर, आणि धावण्यात बऱ्यापैकी. कारण विचारलं तेव्हा ते बराच वेळ चप्पल झटकत बसले, मग म्हणाले, "जन्म गेला गा शेवटी पोचण्यात. पहिला नंबर नाही पाहिजे मले. फक्त एक डाव शेवटचं नाही याचं." बस्स, एवढीच मागणी होती. इतकी लहान मागणी ऐकून मला हसू आलं, आणि हसू आलं याची पुढे लाज वाटली.

सायकल आणि धावणं यांची त्यांना काळजी नव्हती. यार्डात ड्यूटीला ते सायकलनंच जात. धावण्याची सोय तर रेल्वेनंच करून ठेवली होती, कारण मेल-एक्सप्रेसला वाट द्यायला मालगाडी जंगलातल्या एखाद्या स्टेशनात तास न् तास उभी राहते. भाऊजी आपल्या डब्यापासून इंजिनापर्यंत वाघिणी तपासत जायचे आणि परत यायचे. आता ते धावत जाऊ-येऊ लागले. गार्ड धावत येताना पाहून ड्रायव्हर दोनदा घाबरून खाली उतरला, तिसऱ्या वेळी त्यानं चहा तयार ठेवला.

अडचण होती ती पोहण्याची. भाऊजी कुहीकडचे, धानपट्ट्यातल्या गावचे. लहानपणी गावच्या तलावात म्हशीचं शेपूट धरून ते पोहायला शिकले. त्यामुळे त्यांचे पाय उत्तम चालत, पण हातांना शेपूट धरण्यापलीकडे काही काम असतं याची हातांना कल्पना नव्हती. डोकं म्हशीसारखंच सबंध पाण्याबाहेर. त्यात रेल्वेनं लावलेली मानेची सवय. शहरातल्या पोहण्याच्या टाकीवर आम्ही दोघं जाऊ लागलो तेव्हा तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी त्यांना नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काका, डोकं वर ठेवलं की पाय बुडतात. डोकं पाण्यात घाला, पाय आपोआप वर येतील. श्वास घ्यायला तोंड फक्त बाजूला वळवायचं." बाजूला वळवायचं म्हटल्यावर भाऊजी खूश झाले. ते बाजूला वळवत आणि तसंच आणखी वळवत मागचा सगळा देखावा पाहून घेत. तोवर पाय तळाला. सर काठावरून ओरडायचे, "काका, तुमच्या मागं कोणी नाही आहे!" भाऊजी तोंडातलं पाणी थुंकून शांतपणे सांगायचे, "तेच तर पाहून राहिलो, सर."

पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडण्याचा सराव सरांनी घरी करायला सांगितला. मग काय, सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात स्टुलावर पालथे पडलेले भाऊजी, पुढ्यात बादली, एकदा तोंड आत आणि एकदा बाजूला. ताई धुणं घेऊन बादलीसाठी ताटकळत उभी. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय वं, काय झालं भाऊले?" ताई म्हणाली, "काही नाही वं. श्वास घेणं शिकून राहिले. पन्नास वर्षं तसेच काढले." पण तिनं दुसरी बादली आणली आणि ती फक्त त्यांच्यासाठी ठेवली.

चार महिने गेले. पोहणं सुधारतं ते कोणाला दिसत नाही असं माझं मत झालं आहे. एक दिवस नुसतं लक्षात येतं की पाणी खळबळायचं थांबलं आहे. भाऊजींचे हात पाण्यात शिरू लागले, पाय वर राहू लागले. मी टाकीच्या पाच फेऱ्यांत धापा टाकायचो, ते दहा करून उठायचे. माझं तंत्र बरं होतं, पण सराव मी मन लावून केला नाही. तरुणपणात माणूस स्वतःला फुकट मोठा समजतो. एका सकाळी ते काठावर बसले होते, केसांतून पाणी निथळत होतं, आणि चेहरा जरा घाबरल्यासारखा. "आज बारा मिनिटं मी मागं पाहिलं नाही," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. काहीच झालं नाही गा." केसांतलं पाणी झटकत म्हणाले, "इतकं हलकं वाटलं, की मले भेवच वाटला."

माझ्या लक्षात आलं, की या माणसाच्या मानेवर चोवीस तास एक अख्खी गाडी असते आणि आपण इतकी वर्षं त्याच्यावर विनोद करत आलो.

शर्यतीच्या दिवशी चाळीसेक माणसं पाण्यात उतरली. तलावाच्या मधोमध रिकामे ड्रम बांधून ठेवले होते, त्यांना वळसा घालून परत यायचं. मदतीला एक नाव फिरत होती. जो नावेला हात लावेल तो बाद. भाऊजी सुरुवातीपासून माझ्या पुढे गेले. ड्रमपाशी पोचलो तेव्हा ते माझ्यापेक्षा चांगले चाळीस हात पुढे होते, आणि माझ्या-त्यांच्यामध्ये आणखी दोन गृहस्थ होते. माझ्या मागे कोणी नव्हतं. म्हणजे भाऊजींना हवं होतं ते त्यांच्या हातात आलं होतं, एकाऐवजी तिघं त्यांच्या मागे होते.

वळसा घालताना माझं काहीतरी बिनसलं. टाकीत तळ दिसतो. इथे खाली नुसतं हिरवं-काळं. एक घोट पाणी नाकात गेलं आणि छाती आवळली. हात मारतोय आणि जागचा हलत नाही. नाव लांब होती, ओरडायला श्वास नव्हता. मला आठवतं ते एवढंच, की पुढच्या डोक्यांपैकी एक डोकं पाण्याबाहेर आलं आणि वळलं. ते दोन गृहस्थ माझ्यापासून लांब लांब जात होते आणि त्यांना ओलांडून एक माणूस उलट्या दिशेनं माझ्याकडे येत होता.

"पाठीवर हो," भाऊजी जवळ येऊन म्हणाले. "आभाळाकडं पाह्य. घाई नाही." मी पाठीवर झालो. त्यांनी मला हात लावला नाही, कारण लावला असता तर मी बाद झालो असतो की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "चाल आता. हळूहळू. मी मागं आहो. तू मागं पाहू नको." आणि काठापर्यंत ते माझ्या मागे राहिले. मला त्यांच्या हातांचा आवाज येत होता, सरांनी शिकवला तसा, एका लयीत.

आता सांगायची ती गोष्ट इथे आहे. पायांना चिखल लागला तेव्हा भाऊजी माझ्यामागे पाच-सहा हातांवर होते. मी दोन क्षण उभा राहिलो असतो, त्यांना पुढे जाऊ दिलं असतं, तर शेवटचा मी झालो असतो. माझे पाय तरुण होते. सायकलवर आणि धावताना त्यांच्या मागे मागे राहणं मला जड गेलं नसतं, आणि बाकी शर्यतभर निदान एक माणूस मागे टाकल्याचं सुख त्यांच्याबरोबर राहिलं असतं. पण काठावर लोक टाळ्या वाजवत होते, जिवंत बाहेर आल्याचा मला आनंद झाला होता, आणि मी सायकलकडे धावत सुटलो. कळमेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा फिरून उपयोग नव्हता.

मी मधल्या फळीत कुठेतरी संपवलं. भाऊजी आले तेव्हा मांडवाचे दोर सोडायला सुरुवात झाली होती. ताई थर्मास घेऊन उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सतरंजीवर बसून बूट काढले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ते थोर मनानं हसले असते तर मला सोपं गेलं असतं. तिसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो तेव्हा म्हणाले, "वाईट वाटलं गा. खोटं काहून बोलू? चार महिने बादलीत तोंड घातलं मी."

"मग परत काहून आले, भाऊजी?"

"चुकून पाहिलं मागं. नसतं पाहिलं तर निघून गेलो असतो." मग ताईनं आणलेला चहा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पाहिल्यावर कसं जाचं?"

पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही, त्यानंतरही नाही. भाऊजी निवृत्त होऊन कुहीकडच्या घरी राहायला गेले. एका उन्हाळ्यात मी गेलो होतो. सकाळी आम्ही दोघं गावच्या तलावात उतरलो. पलीकडचा काठ फार लांब नव्हता, पण त्यांचा दम आता कमी झाला होता. ते पुढे निघाले आणि मी मागे राहिलो, त्यांच्या हातांच्या लयीत हात मारत, एक हातही पुढे न जाता. त्यांनी तोंड पाण्यात घातलं होतं, श्वासापुरतं बाजूला वळवत होते, आणि पलीकडे पोचेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

काठावर बसून दुपट्ट्यानं डोकं पुसताना त्यांनी मला निरखून बघितलं. "मुद्दाम मागं राहिला ना तू?"

"नाही, भाऊजी. दमलो."

त्यांना खरं काय ते कळलं होतं. तरी त्यांचा चेहरा फुलला तो फुललाच. "तुह्या ताईले सांगजो," ते म्हणाले, "मी पहिले पोचलो म्हणून." घरी गेल्यावर मी ताईला तसंच सांगितलं, आणि तीही खोटं खोटं नवल करत हसली. भाऊजी आता नाहीत. त्या तलावाकाठी मी जे खोटं बोललो त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही; वाईट वाटतं ते अंबाझरीच्या चिखलात दोन क्षण थांबलो नाही त्याचं, आणि ते अजून वाटतं.