मोपेडच्या पॉइंटवरचे कुंकू

विद्यार्थ्यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवण्यात माझी बारा-तेरा वर्षे गेली होती. स्वतः मात्र मी सायकलीच्या पुढे गेलो नव्हतो. चाळिशी उलटल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, मी एक मोपेड घेतली आणि शिकण्यासाठी पहाट निवडली, कारण त्या वेळी रस्त्यावर ओळखीचे कोणी नसे. तोवर दर दसऱ्याला पत्नीला इतवारीतल्या तिच्या माहेरी तिचा भाऊ स्कूटरवरून नेई आणि मी मागून बसने पोहोचत असे. त्या वर्षी तिने भावाला निरोप पाठवला की आम्ही आमच्या गाडीने येऊ. तो निरोप गेल्यापासून मला नीट झोप नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. पूजा यथासांग व्हावी म्हणून मी मॅग्नेटोचे झाकण उघडून पत्नीला आतले पॉइंट दाखवले. इंजिन पेटवणारी ठिणगी इथूनच निघते, हे जरा विस्ताराने समजावले. तिने श्रद्धेने नेमके तिथेच ओले हळदकुंकू लावले. माझ्या व्याख्यानाचा इतका तत्काळ परिणाम मी वर्गात कधी पाहिला नव्हता. झाकण लावून मी पेचकसही देवापुढच्या पाटावर ठेवला.

चार वाजता पत्नी नवी साडी नेसून दारात उभी राहिली आणि गाडी काही सुरू होईना. पायडल मारून मी घामाघूम झालो. शेजारी सल्ला द्यायला जमण्याआधी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याचे सारे पाने-पेचकस पाटावर मांडलेले, वर फुले वाहिलेली.

"आज मी औजाराले हात नाही लावत, सर," तो स्टुलावरूनच म्हणाला. "तुम्ही खोला. मी पाहून राहिलो."

मला हे जमणार नाही, असे मी चाचरत सुचवले.

"काहून घाबरता? पोरायले करंट तर तुम्हीच शिकवता."

त्याच्या सांगण्यावरून मी प्लगची टोपी काढून इंजिनाजवळ धरली आणि पायडल मारले. ठिणगी नव्हती. तेव्हा त्याने पूजा कुठे कुठे केली, अशी चौकशी केली. मी खाली मान घालून सांगितले.

"कुंकू सारेच लावतात, सर. पण पॉइंट शोधून लावाले शिक्षण लागते."

झाकण उघडायला पेचकस हवा, आणि पूजेतले अवजार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचे नाही, हा आमच्याही घरचा नियम. मी घरी जाऊन पत्नीला अडचण सांगितली आणि नकाराची वाट पाहत उभा राहिलो. तिने देवाला हात जोडले. मग तिने स्वतःच पेचकसावरचे फूल बाजूला काढले.

"न्या. देवाले मी सांगीन."

मिस्त्रीने पॉलिश पेपरचा तुकडा दिला. कागद अवजारांत मोडत नाही, असा निर्वाळाही दिला. मी पॉइंट घासले, कोरड्या फडक्याने पुसले आणि पुन्हा टोपी धरून पायडल मारले. या खेपेस बोट आतल्या धातूला लागले होते. हात खांद्यापर्यंत झिणझिणला.

"आला?" मिस्त्रीने विचारले.

"आला," मी म्हणालो.

गाडी सुरू झाल्यावर त्याने बजावले की आज ती बंद करू नका. ही सूचना मी शब्दशः पाळली. पत्नी मागे बसली आणि हातगाड्या चुकवत आम्ही इतवारी गाठली. पण सासऱ्यांच्या दारात माझ्याने उतरवेना. ॲक्सिलरेटर सोडला असता तर इंजिन सर्वांसमक्ष बंद पडले असते. म्हणून सासरे, सासूबाई आणि मेव्हणा एकेक करून गल्लीत आले आणि मी बसल्या जागेवरून, डाव्या हाताने, त्यांना आपट्याची पाने दिली. सासूबाईंनी फराळाची बशी हँडलजवळ धरली. आत येण्याचा आग्रह झाला. आवाजामुळे ऐकू येत नाही, असे मी दाखवले. अर्ध्या तासाने पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबले.

"आता तरी आत या, जावईबापू," सासरे म्हणाले.

निघताना मेव्हण्याने नेहमीप्रमाणे स्कूटर काढली आणि बहिणीला घरी सोडून येतो म्हणाला.

"कायले? आमच्याजवळ गाडी आहे नं," ती म्हणाली.

मग मी मोपेड ढकलू लागलो आणि ती मागच्या सीटवर हात ठेवून पंपापर्यंत माझ्याबरोबर चालली. वाटेत भेटलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला तिने सोने दिले आणि गाडी नवीन घेतल्याचे सांगितले.