जाड अक्षरातले मामा

“मॅडम, मामा लग्नाला येत नाय म्हणतो!” मी प्रेसमध्ये पाय ठेवताच दत्तूभाऊ म्हणाले. दत्तूभाऊ नवरीचे वडील, मखमलाबादला त्यांची झेंडूची शेती. शेजारी प्रेसचे मालक सुभाषराव कपाळाला हात लावून बसले होते. मी स्क्रिप्ट लिहिते, म्हणजे हातानं करायची कामं कॉम्प्युटरकडून आपोआप करून घेते. रुसलेले मामा आणणं त्यात बसत नाही.

आमच्याकडे लग्नपत्रिकेत निम्मं गाव असतं. कोणाचं नाव जाड छापायचं, यावर घरात बैठका होतात. दत्तूभाऊंचा मेहुणा, म्हणजे नवरीचा मामा, बरीच वर्षं बोलत नव्हता. त्याचं नाव बोल्ड, तेही लाल, या अटीवर समेट झाला. नवरीनं वर्डमध्ये तसं टाइप करून दिलं. प्रेसच्या स्क्रिप्टनं ती नावं कोरल या सॉफ्टवेअरमधल्या पत्रिकेच्या डिझाइनमध्ये नेली आणि प्रूफ फॅमिली ग्रुपवर गेलं. त्यात मामा इतरांसारखेच बारीक, काळे.

मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढणार कशी? पोरगी सकाळपासून रडत होती.

मी स्क्रिप्ट उघडली. ती वर्डकडे फक्त टेक्स्ट मागत होती. टेक्स्ट म्हणजे नुसती अक्षरं. जाडी, रंग म्हणजे फॉरमॅटिंग, आणि ते वेगळं मागावं लागतं. हातानं दुरुस्त करावं, तर जाड नावं पानभर. एक सुटलं की दुसरा मामा रुसणार.

“कॉपी-पेस्ट करायला लावा ना,” सुभाषराव म्हणाले. “त्यात रंग येतो.”

लावलं. पण कॉपी केलेलं क्लिपबोर्डवर राहतं, आणि तिथे एका वेळी एकच गोष्ट मावते. स्क्रिप्ट चालू असताना सुभाषरावांनी त्याच कॉम्प्युटरवर बायकोचा मेसेज कॉपी केला. पत्रिकेत ‘आपले विनीत’च्या खाली उमटलं, ‘येताना मेथी आणि पाव किलो शेव’.

दत्तूभाऊंनी चष्मा लावून वाचलं. “हे पाहुणे आपले का त्यांचे?”

हसून हसून आमची पोटं दुखली. मग मी सरळ वाट धरली. वर्डमधलं एकेक अक्षर घ्यायचं, ते जाड आहे का, रंग कोणता, हे विचारायचं आणि कोरलमध्ये त्याला तसंच सजवायचं. क्लिपबोर्डला हातच लावायचा नाही. काम रेंगाळलं, चहा झाला, आणि मामा स्क्रीनवर अवतरले. लालबुंद, ठसठशीत!

दत्तूभाऊंनी व्हिडिओ कॉल लावून फोन स्क्रीनसमोर धरला. पलीकडे मामांनी डोळे बारीक करून आपलं नाव वाचलं.

“दाजी,” मामा म्हणाले, “लाल लय भडक वाटतो का?”

“बदलू का?”

“नको नको, राहू द्या. पोरीला म्हणावं, डोळे पूस. मी आदल्या दिवशीच येतो.”

लग्नाला मीही गेले. मामांनी भाचीला हाताला धरून आणलं, तेव्हा त्यांचा फेटाही लाल होता आणि खिशातून पत्रिका डोकावत होती. मला फार बरं वाटलं.

आता कोणतंही काम घेताना मी आधी विचारते, यात जाड काय आहे आणि त्यावरून कोण रुसेल?