सात डबे आणि रुखवतातला गळ

लग्नाला एकवीस दिवस झाले होते, तेव्हा मी अख्ख्या बंदराची जाळी बुडवली. कुणी त्याला चोरी म्हणेल, कुणी अडाणीपणा. मी तेव्हा त्याला काटकसर म्हणत होते.

बंदर म्हणजे समुद्राचं नव्हे. नगर जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा? धरणाच्या काठाला आमच्या भोई वस्तीच्या होड्या जिथं लागतात, मासळी उतरते, काट्यावर चढते, त्या जागेला सगळे बंदर म्हणतात. आज तिथं सिमेंटचा उतार आहे, बर्फाच्या पेट्या घेऊन टेम्पो उभे असतात आणि माझी नातसून होडीत बसूनच मोबाईलवर राहुरीचा भाव विचारते. तेव्हा नुसता चिखल होता. त्या चिखलात नवी हिरवी साडी नेसून, नाकाला पदर लावून एक बाई उभी असायची. ती मी. मासळीचा वास सहन होत नाही असं दाखवायचं आणि कालवणाला तीन भाकरी खायच्या, असा माझा थाट.

माझं माहेर पाथर्डीकडचं. जातीनं आम्हीही भोईच, पण वडील आठवडी बाजारात फुटाणे भाजून विकायचे आणि आमच्या दोन पिढ्यांनी पाणी पाहिलं ते टँकरच्या नळीतून पडताना. झाकणाचा प्लास्टिकचा डबा ही तिकडं मोठी इस्टेट. ज्याच्या घरी चार डबे, त्याच्या मुलीला स्थळ लवकर मिळायचं. निदान मला तरी तसं वाटायचं.

आणि इथं पाहते तर काय, चांगले पाच-पाच लिटरचे डबे पाण्यावर बेवारस तरंगतायत!

उन्हाळा होता. धरण खाली गेलेलं. जुना बुडालेला रस्ता गुडघाभर पाण्याखाली उरला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल डोह. मला पोहता येत नव्हतं, पण रस्त्यावरून चालता येत होतं. दुपारी वस्ती झोपलेली. मी विळा कमरेला खोचला, साडी वर घेतली आणि रस्त्याच्या कडेकडेनं जाऊन सात डबे कापून आणले. प्रत्येकाला खाली दोरी होती. एवढी चांगली दोरी कुणी कशाला बांधली असेल, हा प्रश्न त्या शहाणीला पडलाच नाही. डबे राखेनं घासले, भिंतीला ओळीनं पालथे घातले. वडील भेटायला आले की सगळे आईला धाडायचे, असा बेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर आरडाओरडा झाला. मी उत्साहानं बघायला गेले. कुणाचं काय हरवलं म्हणून नवऱ्यालाच विचारलं.

"जाळी," तो म्हणाला. "तळाला सोडलेली सात जाळी. वरचं डबंच न्हाईत. आता कुठं हुडकायची?"

तळाची जाळी दगडांनी खाली बसवतात आणि वर खूण म्हणून एकच डबा सोडतात, ही अक्कल मला त्या क्षणी आली. तोवर सासूबाई घरी जाऊन परत आल्या होत्या. दोन्ही हातांत एकेक चकचकीत डबा.

सासूबाई विधवा. स्वतःची होडी, आणि एका पावसाळ्यात स्वतःच्या हातानं विणलेलं जाळं. ते जाळं त्या सातांत होतं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाल्या, "दुपारच्या गाडीनं हिला हिच्या गावाला सोड. पानी न वळखनारी भोयाच्या घरात कशाला?"

शेजारचे म्हातारबा म्हणाले, "जाऊ दे गं, पोर हाय."

"पोर हाय तर पाळन्यात झोपव."

गडी लोकांनी बांबू घालून पाहिला, दोघांनी बुड्या मारल्या. तळाशी गाळ आणि जुन्या बाभळींची खोडं. हाताला काही लागेना. नवरा ओलेता वर आला आणि माझ्याकडे बघून त्यानं मान खाली घातली. गाडीला चार तास होते. आणि मला, काय सांगू, त्या वेळी रडू न येता एकदम आठवलं ते माझं रुखवत.

रुखवतात आईनं लाडू, करंज्या, लोकरीचा पोपट यांच्या शेजारी विहिरीतली बादली काढायचा चार आकड्यांचा लोखंडी गळ मांडला होता. 'जाशील तिथं विहीर असंलच,' असं तिचं म्हणणं. वऱ्हाडी पोट धरून हसले होते. धरणाच्या काठाला विहीर! लाजून मीच तो खाटेखाली ढकलला होता. आमच्या गावात तळाशी हातभर पाणी असलेल्या विहिरीत रोज कुणाची ना कुणाची घागर पडायची आणि ती काढायला मलाच हाका यायच्या. मला स्वयंपाक येत नव्हता, विणकाम येत नव्हतं. तेवढं येत होतं.

मी गळ घेऊन बुडालेल्या रस्त्यावर उतरले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता काय बादली काढती का काय?"

गळ टाकला की लगेच ओढायचं नसतं. तो तळाला बसू द्यायचा. मग वीतभर ओढायचं आणि थांबायचं. दोरी बोटांशी बोलते. दगड असला की खट्ट करते, खोड असलं की हटून बसते. पाचव्या फेकीला दोरी जड झाली आणि लाडीगोडीनं मागे मागे येऊ लागली. "यील, यील," मी घागरीला म्हणायचे तसं म्हटलं. जाळ्याची कड पाण्यावर आली आणि त्यात चार चिलापी मासे फडफडत होते.

काठावर कुणी हसलं नाही.

दुसरं, तिसरं, चौथं. नवरा शेजारी उभा राहून वर आलेली जाळी होडीत घेत होता आणि मधूनमधून काठाकडे मान ताठ करून बघत होता, जणू गळ त्यानंच घडवला होता. सहावं निघालं तेव्हा पोरंबाळं धरून सगळी वस्ती काठावर होती. सातवं मात्र सापडेना. ते सासूबाईंचं. रस्त्यापासून लांब, माझ्या फेकीच्या पलीकडे गेलं असणार.

सासूबाई होडीत बसल्या, वल्हं उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मी जन्मात होडीत बसले नव्हते. चढले आणि मांडी घालूनच बसले, एका हातानं होडीची कड आणि एका हातानं सासूबाईंचा पदर धरून. असला वाघ! तो पदर त्यांनी सोडवून घेतला नाही, एवढं लक्षात आहे. डोहाच्या मधोमध त्यांनी होडी स्थिर धरली आणि मी गळ सोडला. दोरी संपत आली तेव्हा तो तळाला टेकला. पहिल्यांदा खोड. दुसऱ्यांदा खोड. तिसऱ्यांदा दोरीला हिसका बसला, आणि जाळं असं हिसका देत नाही.

"सोडू नगं," सासूबाई म्हणाल्या आणि वल्हं टाकून मागून माझी कंबर धरली.

त्यांचं जाळं आलं आणि त्यात, ते डोहात ओढून नेणारा, माझ्या कमरेएवढा कटला मासा आला. काट्यावर घातला तेव्हा काटा खाली आपटला आणि मासळीच्या व्यापाऱ्यानं पेनच खिशात ठेवलं, म्हणाला, आधी बघू द्या. दुपारची गाडी फाट्यावर आली, हॉर्न देऊन गेली. कुणी वळूनही पाहिलं नाही. माझी हिरवी साडी खवल्यांनी भरली होती आणि नाकाला पदर लावायचं मी विसरले होते.

संध्याकाळी सासूबाईंनी सहा डबे जाळ्यांना पुन्हा बांधले. गाठ कशी मारायची ते मला दोनदा दाखवलं. सातवा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या,

"ह्यो तुझ्या आयला धाड. आन् माझ्या जाळ्याला आता काय बांधू गं, तुला? तरंगशील का?"