संत निकोलाच्या दिवशी स्पासेकडे कोण आलं

संत निकोलाचा दिवस म्हणजे स्पासेच्या घरचा सण. या सणाला आमंत्रण द्यायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, गाव आपलं आपण येतं. तीस वर्षं चर्चची घंटा वाजवणाऱ्या स्पासेकडे तर बसायला जागा पुरायची नाही.

यंदाही त्याची बायको दोस्ता, हिनं घेवडा शिजवला, मासे तळले, चाळीस ताटं मांडली. दुपारचे तीन वाजले तरी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

युरोपच्या संघानं आधी आमच्या मॅसेडोनियाला सांगितलं, देशाचं नाव बदला, मग आत घेऊ. मॅसेडोनियानं नाव बदललं. मग आधीच आत बसलेल्या बल्गेरियानं दार अडवलं: आमच्या लोकांचा उल्लेख तुमच्या राज्यघटनेत करा. वाट बघून पोरं म्हातारी व्हायची वेळ आली. शेवटी स्पासेनं लेकीला जर्मनीत नर्सची नोकरी मिळावी म्हणून कागदावर लिहून दिलं, की आम्ही मूळचे बल्गेरियन. तसं लिहून दिलं की बल्गेरियाचा पासपोर्ट मिळतो, आणि त्यावर जर्मनीत काम करता येतं. त्याच्या आजोबाला बल्गेरियन शिपायांनीच गोळी घातली होती. बल्गेरियाच्या राजधानीचा, सोफियाचा शिक्का असलेलं पाकीट पोस्टमननं भर खानावळीत उंच धरून दाखवलं, आणि स्पासे गद्दार ठरला. निम्म्या गावाच्या पेटीत तसलेच पासपोर्ट आहेत, पण झाकलेले. चोर तो चोर, वर शिरजोर!

"येतील गं," स्पासे म्हणाला. "निदान त्रपको तरी येईल."

त्रपको त्यांच्या लग्नाचा साक्षीदार. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाहून जवळचं.

चार वाजता त्रपको आला, पण मागच्या दारानं. दोस्ताचे डोळे भरले. ती ताट वाढायला लागली.

"नको वहिनी, बसत नाही. कुणी बघेल." त्यानं आवाज खाली आणला. "स्पासे, नातवाला जायचंय. काय काय कागद लागतात रे?"

"आधी दोन घास खा."

"खाल्लं असतं रे. पण समजून घे."

स्पासेनं समजून घेतलं. तो गरिबासारखा वहीचं पान फाडून यादी लिहीत बसला. जन्मदाखले, आजोबाचं नाव, कचेरीतली कोणती खिडकी, सगळं. त्रपकोनं कागद आतल्या खिशात घातला आणि पुढच्या दारानं बाहेर पडला.

रस्त्यावर गाव उभं होतं.

"सांगून आलो तोंडावर," त्रपको सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "रविवारपासून आमच्या घंटेला हात लावायचा नाही म्हणून."

दोस्तानं स्पासेकडे पाहिलं. तो अजून हातात पेन धरून बसला होता.