थंडीतला एसीवाला

डोंगरावरच्या बुगियासच्या थंडीत गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान काढणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर हट्टी. आमचा मनोंग, म्हणजे थोरला दादा, फेर्मिन किवास दोन्ही आहे. माझं टायरचं दुकान त्याला लागूनच, त्यामुळे अकरा वर्षं मी हे त्याच्या तोंडावर सांगत आलोय. "तूही हवाच भरतोस ना? मग माझ्या हवेला का हसतोस?" एवढंच तो म्हणतो.

त्याची खोड अशी, की पान्याला हात लावण्याआधी तो गाडीत बसतो. काचा बंद, मांडीवर उकडलेल्या रताळ्यांचं गरम पातेलं. वाफेनं पुढची काच पांढरी झाली की पंखा लावायचा आणि ती किती वेळात साफ होते ते बघायचं. येणारे-जाणारे हसतात. त्याला फरक पडत नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर क्लारिता दापनिसान व्हॅन घेऊन आली. दर सोमवारी आणि गुरुवारी पहाटे ती चार पेशंटना डायलिसिससाठी बागियो शहरात नेते. त्यातले एक तिचे वडील, आगुस्तिन; ती त्यांना आमा म्हणते. दहा दिवसांपूर्वी धुक्यात काच आतून इतकी धुरकटली, की गाडी कठड्याला घासली. तेव्हापासून म्हाताऱ्यानं गाडीत पाय ठेवलेला नव्हता. त्यांच्या दोन खेपा चुकल्या होत्या आणि पाय सुजून आले होते.

"आमा म्हणतात, मी आज ना उद्या जाणारच, माझ्या श्वासानं काच आणखी धुरकटवून बाकीच्यांना दरीत कशाला नेतेस," क्लारिता म्हणाली. "उद्याचीही चुकली तर काही खरं नाही, मनोंग."

"पंखा कसा चालतो?"

"एक, दोन, तीनवर मेलेला. चारवर नुसता बोंबलतो आणि गार हवा मारतो. रेझिस्टर तिघांनी बदलला. पंधरा दिवसांत परत जळतो."

फेर्मिन पातेलं घेऊन आत बसला. काच पांढरी झाली ती तशीच राहिली.

मला गप्प बसवेना. "चारवर चालतो म्हणजे मोटर शाबूत आहे. टाक नवा रेझिस्टर आणि मोकळा हो."

"तिघांनी तेच केलं. तू चौथा," तो म्हणाला आणि डॅशबोर्डखाली घुसला.

रेझिस्टर म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारी पट्टी. ती तापते, म्हणून तिला पंख्याच्याच वाऱ्यात बसवतात. ही जपानहून आलेली जुनी गाडी. खाली सपाटीवरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात, इथल्या रस्त्यांसाठी स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे घेताना कुणीतरी ती पट्टी वाऱ्याबाहेर लोंबकळत सोडली होती. जळणारच. मग फेर्मिननं बॉनेट उघडलं. इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे नेणारा आणि परत आणणारा असे दोन्ही पाईप एकमेकांनाच जोडलेले, म्हणजे हीटर बंदच. त्यानं बोटानं तो जोड दाखवला.

"हे कुणी केलं?" क्लारितानं विचारलं.

"माझ्यासारख्याच कुणीतरी." त्यानं हात पुसले. "असल्याच एका यार्डात सात वर्षं होतो मी. ह्या बेटांवर हीटर कुणाला लागतोय, म्हणायचो आणि पाईप जोडून टाकायचो. शेकडो गाड्यांचे. जन्मलो ह्याच थंडीत आणि मलाच सुचलं नाही. एकदा आपल्या घाटात अशीच एक गाडी काच पुसत पुसत चाललेली बघितली, तेव्हा ती नोकरी सोडली आणि हे दुकान काढलं."

अकरा वर्षांत हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या थट्टेची मला लाज वाटली. मी टॉर्च धरला.

त्यानं हवेच्या नळीला खाच पाडून पट्टी वाऱ्यात बसवली. हीटरमध्ये पाणी सोडून गंज काढला, ते नितळ येईपर्यंत. पाईप जागच्या जागी जोडले. चार वाजता पंखा दोनवर लावला, सोबत हवा कोरडी करायला एसी आणि गरम करायला हीटर. काच खालून वर साफ होत गेली.

"झालं," मी म्हणालो.

"कुठलं झालं? म्हातारा अजून घरीच आहे. चला."

आगुस्तिन चुलीपाशी बसले होते. आम्हाला बघताच म्हणाले, "समजवायला आला असाल तर परत जा."

"समजवायला नाही, मनोंग आगुस्तिन. गाडी तपासायचीय. आम्ही तिघंच आहोत, काच धुरकटायला श्वास कमी पडतोय. तुमचा द्या थोडा."

म्हातारा कुरकुरत उठला. त्याला पुढे बसवलं, काचा लावल्या आणि क्लारितानं गाडी घाटाकडे काढली. बाहेर धुकं उतरलं होतं. म्हाताऱ्यानं आम्हाला खोटं पाडायला वाकून काचेवर जोरात हाऽ केलं. पांढरा ठिपका उमटला, आक्रसला, गेला. त्यानं परत केलं. परत गेला. तिसऱ्यांदा केल्यावर त्याला खोकला आला आणि मग तो मागे टेकून समोरचा रस्ता बघू लागला. तीन वळणं गेली.

"क्लारिता," तो म्हणाला, "उद्या मला किती वाजता उठवशील?"