खरं कळेपर्यंत थांबणाऱ्या वंदनाताई

वंदनाताई प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. समोरचा माणूस कितीही वेळ खाली बघत राहिला, तरी त्याला उत्तर सुचवायच्या नाहीत. लोह्याच्या सरकारी दवाखान्यात त्या एचआयव्हीच्या समुपदेशक होत्या आणि मी शेजारच्या खोलीत रक्त तपासायचो. लागण कशी झाली असावी, हे प्रत्येकाला विचारून वर कळवायचं असतं. त्यावरून देशाचे आकडे ठरतात. पुष्कळ ठिकाणी लग्न झालेला पुरुष दिसला की ‘बाईपासून’ लिहून मोकळे होतात. ताई म्हणायच्या, "भाऊ, माणूस बोलंना म्हणून मी त्याच्या तोंडात शब्द कशाला घालू? कळलं न्हाई तर कळलं न्हाई असं लिहू की."

एकदा एक शेतकरी आला. त्याचं गाव मी सांगत नाही. "नांदेडला लॉजवर गेलतो," त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं. ताईंनी औषधाचं समजावलं, बायकोला तपासणीला आणायला लावलं. तिला लागण नव्हती. पुढच्या प्रत्येक खेपेला ताई त्याच्या लेकरांची, सोयाबीनची चौकशी करत. लॉजचा विषय त्यांनी काढला नाही. मग एका दुपारी तो बराच वेळ आत बसला. लॉज खोटं होतं, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. त्याचे संबंध एका मित्राशी होते, लग्नाच्या आधीपासूनचे. ताईंनी आधीची नोंद बदलून तसं लिहिलं.

जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या कार्यक्रमाच्या साहेबांनी ती नोंद पाहिली. "मॅडम, आपल्या जिल्ह्यात असले प्रकार नसतात. दुरुस्त करा."

ताईंची नोकरी कंत्राटी, मुदतवाढ याच साहेबांच्या हातात. मी शेजारीच बसलो होतो. ताई उभ्या राहिल्या.

"साहेब, तो माणूस लाजंनं खोटं बोलला होता. आता आपणच खोटं लिहायलो, तर त्याच्या मित्रापर्यंत जायचं कुणी? त्याला औषध मिळायचं कसं?"

साहेबांनी पान उलटलं. नोंद राहिली. मुदतवाढीचा कागद मात्र बरेच दिवस आला नाही. तो येईपर्यंत ताई रोज वेळेवर येऊन खोली उघडत होत्या.

दिवाळीनंतर तो शेतकरी पुन्हा आला. या वेळी त्याच्यासोबत एक ऑटोवाला होता, तो दारातच अडखळला. ताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"हितं खोटं बोलावं लागत न्हाई म्हणला ह्यो," ऑटोवाला हळूच म्हणाला. "म्हणून आलो."

रक्त मीच घेतलं. लागण होती, पण वेळेत कळली. आज तो गोळ्या घेतो, ऑटो चालवतो, मला पाहिलं की हात करतो.

ताई आता रेणापूरला असतात. एचआयव्हीचे हे आकडे खरे असतात का, असं मला कधी कधी कुणी विचारतं. देशाचं मला सांगता येत नाही. पण वंदनाताई लोह्यात होत्या, त्या सगळ्या वर्षांचे लोह्याचे आकडे खरे आहेत. ते मी कुठंही उभं राहून सांगेन.