पाय कोणाच्या नावावर

अपंगाचे पैसे मला लग्नाच्या आधीपासून मिळतात. माहेर खरवईचं. चार वर्षांची असताना पोलिओने डावा पाय नेला, आणि मी मोठी झाल्यावर बाबांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवून ते पैसे चालू करून घेतले. बदलापूरच्या बँकेत माझं खातं होतं. तिथला शिपाई माझ्या कुबडीचा आवाज ओळखायचा आणि मी आत पोचायच्या आधी खुर्ची सरकवून ठेवायचा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे मी अजून जिवंत आहे हे साहेबाला तोंड दाखवून सांगायचं. झालं काम.

लग्न होऊन मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आले, तरी ते तसंच चालू राहिलं. नवरा आनंदनगरच्या कारखान्यात होता. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. गल्लीतला जीन्सवाला शेठ पँटींचे गठ्ठे पाठवतो, मी बसल्या जागी त्यांचे लोंबते दोरे कापते. त्यातून भाजीपाला सुटतो. तांदूळ, गॅस आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मात्र अपंगाच्या पैशांवर. त्यामुळे ते यायचे थांबले तेव्हा माझं धाबं दणाणलं.

गेल्या वर्षी नवीन पद्धत आली होती. अपंगत्वाचा जुना कागदी दाखला बाद, त्याजागी कार्ड, आणि पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात. मी सगळे कागद देऊन बसले होते. पहिला महिना गेला, दुसरा गेला. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मला कुणी शिकवायला नको. पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तरी कळायला हवं. रिक्षा केली आणि अंबरनाथला तहसील कचेरीत गेले.

तिथले कारकून मला ओळखतात. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला.

"ताई, हे बघा. दाखल्यावर एक बाई आहे, आधारवर दुसरीच."

"दोन्ही मीच की."

"मला माहितेय हो. आधी मी तुमचं तोंड बघून सही करायचो. आता सही माझी लागतच नाही. लग्नानंतर मधलं नाव, आडनाव बदलतं, त्याला लग्नाचा दाखला चालतो. पण तुमचं पहिलंच नाव वेगळं आहे. पहिलं नाव वेगळं म्हणजे बाई वेगळी."

आमच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव काढतो, बाया पेढे वाटतात. माझं नाव सासूबाईंनी ठरवलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. पुढे गल्लीच्या तोंडाशी आधारचं शिबिर लागलं, तेव्हा तिथल्या पोरीने नाव विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं. मीही गप्प बसले. घरात हाक त्याच नावाने होती, मग कागदावर काय बिघडतंय, असं वाटलं. चूक तिथे झाली.

घरी येऊन शेठला सांगितलं, तर तो म्हणाला, "भाभी, सब सासवाले नाम पे कर डालो ना, टेन्शन खतम."

तसं करता आलं असतं. पण कारकुनांनी सांगितलं होतं की त्यासाठी दाखला बदलावा लागेल, म्हणजे डॉक्टरांसमोर पहिल्यापासून तपासणी, पहिल्यापासून फाइल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षांची असताना जी पोर तापाने फणफणली, जिला बाबा खांद्यावर घेऊन हिंडले, तिचं नाव आईने ठेवलेलं होतं. तांदळातल्या नावाच्या बाईला कधी पोलिओ झालाच नाही. पाय माझा, तर नावही माझंच लागेल. शेंडी तुटो की पारंबी, मी आधारच बदलून घेणार, असं ठरवलं.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. हात थांबले.

"तो नाव काढू नको," त्या म्हणाल्या. "तो माझे पोरीचा हाय."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. दीड वर्षाची असताना तापाने गेली. तिचं नाव त्यांनी मला दिलं होतं. बावीस वर्षं मी त्या घरात राहत होते, आणि हे मला कुणी, अगदी नवऱ्यानेही सांगितलं नव्हतं.

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. राग जास्त आला. मी म्हणाले, "आई, मला आधी सांगितलं असतं तर मी ते नाव मायेने वापरलं असतं. आता वेळ गेली. तुमच्या गोळ्या संपत आल्यात." त्या उठून आत गेल्या. पुढचे आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला रात्री झोप लागायची नाही, पण सकाळी मी कागदांची पिशवी गळ्यात अडकवून बाहेर पडायचेच. प्रतिज्ञापत्र केलं. राजपत्रात नाव छापून यायला किती आठवडे लागले ते मी मोजले नाहीत. आधार केंद्रातून मला दोनदा परत पाठवलं त्यांनी, एकदा फोटो धूसर म्हणून, एकदा सर्व्हर बंद म्हणून. तिसऱ्यांदा खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं आणि मी इतक्या जोरात सांगितलं की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

पैसे आले त्या दुपारी मी दोरे कापत होते. मोबाइल वाजला. सासूबाईंना वाचता येत नाही, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलं.

"आयले?"

"आले."

"कोणाचे नावान?"

"माझ्या."

"म्हणजे माझी पोर दुसरे खेपेला गेली."

माझे डोळे भरून आले, पण मी कैची खाली ठेवली आणि स्पष्ट सांगितलं, "आई, कागद माझाच राहणार. त्यावर आता कुणाचं काही चालायचं नाही. घरात हाक तुम्हाला पाहिजे ती मारा."

त्या मोरीकडे गेल्या. भांडी वाजली, नळ बंद झाला. मग आतून त्यांनी हाक मारली, त्याच नावाने, जरा अडखळत. बावीस वर्षं त्या हाकेला मी ओ देत आले होते, कारण दुसरा इलाज नव्हता. त्या दुपारी मला द्यायची होती म्हणून दिली.